ज्वारीचे नाव काफिर

जुलै २०२४ मध्ये स्पेनच्या माद्रिद शहरात जगभरातले वनस्पतीशास्त्रज्ञ जमले होते. आंतरराष्ट्रीय वनस्पतीशास्त्र परिषदेच्या नामकरण विभागात तिथे एका शब्दावर मतदान झाले. दोनशेहून अधिक वनस्पती, शेवाळे आणि बुरशी यांच्या शास्त्रीय नावांत ‘काफ्रा’ हा शब्द होता. दक्षिण आफ्रिकेतल्या नेल्सन मंडेला विद्यापीठातील दोन संशोधकांचा प्रस्ताव असा की, या नावांतले एक अक्षर गाळून ‘आफ्रा’, म्हणजे आफ्रिकेचा, असे करावे. प्रस्तावाच्या बाजूने ३५१ मते पडली, विरोधात २०५. आपल्याकडच्या पांगाऱ्याचा एक आफ्रिकी भाऊबंद आहे. त्याचे नाव ‘एरिथ्रिना काफ्रा’ होते, ते आता ‘एरिथ्रिना आफ्रा’ झाले आहे.

‘काफ्रा’ हा शब्द आला ‘काफिर’वरून. होय, आपल्याला माहीत असलेला तोच शब्द. टीव्हीवरच्या चर्चांत, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डमध्ये आणि काही मौलवींच्या तकरीरीत येणारा. बातमी आपल्याकडे फारशी कुणी वाचली नाही. वाचली असती तरी ‘झाडांच्या नावातसुद्धा राजकारण’ म्हणून सोडून दिली असती. पण या शब्दाच्या शेतीतल्या प्रवासात मराठी मुसलमानाने थांबून पाहावे असे बरेच काही आहे. मराठी हिंदूनेही.

कणसाला चिकटलेले नाव

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची इंग्रजी शेतकी पुस्तके उघडली तर त्यांत ‘काफिर कॉर्न’ नावाचे धान्य सापडते. हे दुसरे-तिसरे काही नसून आपली ज्वारी आहे. ज्वारीचे मूळ घर आफ्रिका. हजारो वर्षांपूर्वी तिथल्याच माणसांनी रानटी गवतातून ती निवडली, पेरली, वाढवली. तिथून ती भारतात आली. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांनी वसाहती केल्या तेव्हा काळ्या शेतकऱ्यांचे हे मुख्य धान्य त्यांनी पाहिले आणि त्याला ‘काफिरांचे धान्य’ असे नाव दिले. याच धाटणीने काफिर बिअर, काफिर लिली, काफिर प्लम अशी नावे पडली. एकोणिसाव्या शतकात ही ज्वारी अमेरिकेत पोहोचली. कमी पावसाच्या कॅन्सस राज्यात ती इतकी मानवली की, एल डोराडो नावाच्या गावाने १९११ साली ‘काफिर कॉर्न कार्निव्हल’ नावाची जत्राच भरवली. त्या जत्रेतल्या अमेरिकी शेतकऱ्याला या नावामागे शिवी आहे, याची कल्पनाही नसेल. त्याच्यासाठी ते फक्त एका पिकाचे नाव होते.

पण ज्यांच्या धान्याला हे नाव दिले, त्यांच्यासाठी ते काय होते? दक्षिण आफ्रिकेत हा शब्द काळ्या माणसाला हाक मारायला, हाकलायला आणि हिणवायला वापरला गेला. खोसा जमातीच्या जमिनी गिळताना ब्रिटिशांनी एका प्रदेशाचे नावच ‘ब्रिटिश काफ्रारिया’ ठेवले. त्या भागात शंभर वर्षे चाललेल्या लढायांना इतिहासाच्या पुस्तकांत ‘काफिर वॉर्स’ म्हटले गेले. मार्क मथाबाने या लेखकाने वर्णभेदाच्या राजवटीतल्या आपल्या बालपणाची कहाणी १९८६ मध्ये लिहिली, तिचे नाव ‘काफिर बॉय’. आज तिथली वर्तमानपत्रे हा शब्द पूर्ण छापत नाहीत, ‘के-वर्ड’ एवढेच लिहितात. एका काळ्या पोलिसाला उद्देशून ४८ वेळा हा शब्द उच्चारल्याबद्दल २०१८ साली जोहान्सबर्गच्या न्यायालयाने एका गोऱ्या महिलेला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. त्यातले एक वर्ष स्थगित होते.

शब्दाबरोबर धान्यही गेले

कुणी म्हणेल, नावात काय आहे? ज्वारीचे दाणे तेच, भाकरी तीच. पण दक्षिण आफ्रिकेत या नावाबरोबर धान्यावरचा हक्कही गेला.

तिथल्या बायका ज्वारीपासून घरी आंबील वजा बिअर करत. सण, लग्न, पूर्वजांचे विधी, शेजारपाजारचा पाहुणचार या सगळ्यांत ती लागे. शहरात आलेल्या अनेक बायकांचे पोट तिच्या विक्रीवर चाले. मद्याबद्दल माझे मत काय असेल हे वाचकांना सांगायला नको, पण इथे मुद्दा मद्याचा नाही. नाताळ वसाहतीत १९०८ साली कायदा झाला आणि ही बिअर गाळण्याची व विकण्याची मक्तेदारी नगरपालिकांना मिळाली. डर्बन नगरपालिकेने लगेच तिचा फायदा घेतला. घरी गाळणाऱ्या बायका रातोरात गुन्हेगार ठरल्या. त्यांच्या घरांवर धाडी पडू लागल्या, पिंपे ओतली जाऊ लागली. नगरपालिका मात्र तेच पेय आपल्या गुत्त्यांत ‘काफिर बिअर’ म्हणून काळ्या मजुरांना विकू लागली. त्या नफ्यातून काय उभे राहिले? काळ्यांना शहरात वेगळे कोंडून ठेवणाऱ्या बराकी आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी नोकरशाही. आपल्या कोंडवाड्याचा खर्च आपणच पेल्यापेल्याने भागवायचा, अशी ही व्यवस्था. इतिहासात ती ‘डर्बन सिस्टिम’ म्हणून ओळखली जाते. पुढे इतर शहरांनी तिचे अनुकरण केले.

१९५९ मध्ये डर्बनच्या कॅटो मॅनर वस्तीतल्या बायका या गुत्त्यांवर चालून गेल्या. १९७६ च्या सोवेटो उठावात तरुणांनी पेटवलेल्या इमारतींमध्ये सरकारी गुत्तेही होते. दरम्यान सरकारने १९६० च्या दशकात एक सुधारणा केली होती. ‘काफिर बिअर’ऐवजी ‘बांटू बिअर’ म्हणायचे ठरले. नाव बदलले, मक्तेदारी तशीच राहिली. नुसता शब्द बदलून भागत नाही, हेही या धान्याच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.

आपल्या रानातला काफिर

हा सगळा प्रकार दूरदेशीचा वाटत असेल, तर आपल्या शिवारात या. १९६४ साली भारतात ज्वारीचे पहिले संकरित वाण आले, ‘सीएसएच-१’. गावोगावी त्याला नुसते ‘हायब्रीड’ म्हणत. ठेंगणे ताट, भरगच्च कणीस, पांढरी पण चवीला बेताची भाकरी. जुनी माणसे अजूनही ‘हायब्रीडची भाकरी’ म्हणताना नाक मुरडतात. पण अन्नधान्याच्या टंचाईच्या काळात याच वाणाने आणि त्याच्या वंशजांनी महाराष्ट्रातली लाखो घरे जगवली.

या हायब्रीडची आई कोण? तिचे नाव ‘कम्बाइन काफिर-६०’. ज्वारीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. त्यामुळे संकर करायचा तर आधी पराग वांझ असलेली मादी लागते. अमेरिकी संशोधकांनी १९५४ मध्ये ‘मिलो’ आणि ‘काफिर’ या दोन ज्वारींच्या संकरातून तशी मादी मिळवली. मिलोचे नाव तर आपल्याकडे चांगलेच माहीत आहे. ७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल ज्वारी म्हणजे मिलो. शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये जगभरच्या ज्वारीचे पाच मुख्य वंश ठरवले. त्यात एकाचे नाव आजही ‘काफिर’ आहे आणि दुसऱ्याचे ‘दुर्रा’. सोलापूर-मंगळवेढ्याकडची आपली लाडकी मालदांडी या दुर्रा वंशातली. गंमत म्हणजे ‘दुर्रा’ हाही अरबी शब्द, त्याचा अर्थ ज्वारीच. म्हणजे महाराष्ट्राच्या भाकरीत दोन अरबी नावे मळली गेली आहेत. त्यातले एक धान्याचे आहे, दुसरे माणसाच्या अपमानाचे.

अरबीतून आफ्रिकेत

हा अपमान आला कुठून? इथे आपल्याला, म्हणजे मुसलमानांना, थोडे अवघड प्रश्न विचारावे लागतील.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शतकानुशतके अरब व्यापारी होते. किनाऱ्यावरचे स्वाहिली लोक मुसलमान झाले. आतल्या प्रदेशातले जे झाले नाहीत, त्यांना ते ‘काफिर’ म्हणत. या किनाऱ्यावर गुलामांचाही व्यापार चालत असे, आणि गुलाम करायची माणसे प्रामुख्याने याच ‘काफिरां’तली असत. मुसलमानाला गुलाम करण्यास धर्माची आडकाठी होती, म्हणून ज्याला पकडायचे तो काफिर असणे सोयीचे होते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज आले. त्यांनी हा शब्द उचलून ‘काफ्रे’ केला. त्यातला धर्म गळून पडला, उरली ती कातडी. पोर्तुगीजांकडून तो डचांकडे गेला, पुढे इंग्रजांकडे. गोव्यात आणलेले आफ्रिकी गुलामही काफ्रे झाले. कोकणीत त्यांना ‘खापरी’ म्हटले गेले. हिरव्या मसाल्यातले चिकन कॅफ्रियल आज पर्यटक आवडीने खातात, त्या नावातही तोच शब्द आहे. श्रीलंकेत तर आफ्रिकी वंशाचा एक छोटा समाज स्वतःला ‘काफिर’च म्हणवतो आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. शब्द तोच, पण तो कोण कुणाला म्हणतो, यावर सारे अवलंबून.

म्हणून ‘ही शिवी गोऱ्यांनी बनवली, आमचा काय संबंध’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत. गोऱ्यांनी तिला कायद्याचे आणि बंदुकीचे बळ दिले हे खरे. पण ज्याला आपला मानायचे नाही अशा माणसावर मारलेला शिक्का म्हणून तो शब्द त्यांच्या हाती तयारच आला होता. भारतीयही यातून सुटत नाहीत. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या लिखाणात काळ्या लोकांसाठी हाच शब्द येतो, आणि भारतीयांना त्यांच्या पंक्तीला बसवू नये असा सूरही येतो. पुढे गांधीजी बदलले, खूप बदलले. तरीही घाना विद्यापीठातला त्यांचा पुतळा डिसेंबर २०१८ मध्ये हटवला गेला, तेव्हा आक्षेप घेणाऱ्यांनी त्या लिखाणाकडेच बोट दाखवले होते.

काफिर म्हणजे शेतकरी

आता या कथेतला सर्वांत चकित करणारा भाग. अरबीत ‘क-फ-र’ या धातूचा मूळ अर्थ झाकणे. जो बी मातीखाली झाकतो तो काफिर, म्हणजे शेतकरी. इस्लामपूर्व अरबीत हा अर्थ रूढ होता. पुढे सत्य झाकणारा, उपकार झाकणारा, कृतघ्न, नाकारणारा असे अर्थ आले. खुद्द कुरआनात ‘सूरह हदीद’च्या विसाव्या आयतीत हा शब्द आहे. ऐहिक जीवनाला तिथे पावसाची उपमा दिली आहे. पावसाने पीक तरारते, पेरणारे खूश होतात, मग ते पिवळे पडते आणि त्याचा भुगा होतो. या पेरणाऱ्यांसाठी शब्द आला आहे ‘कुफ्फार’, काफिरचे अनेकवचन. काही भाष्यकारांनी इथे ‘नाकारणारे’ असा अर्थ घेतला, पण पुष्कळांनी ‘शेतकरी’ असाच घेतला आहे.

म्हणजे ज्वारी पेरणाऱ्या आफ्रिकी माणसाला कुणी मूळ अर्थाने काफिर म्हटले असते, तर ते शब्दशः खरे ठरले असते. आणि आपला कुणबीही त्या अर्थाने काफिरच.

ही माहिती आपल्याकडचे काही मित्र मोठ्या उत्साहाने सांगतात. हिंदू मित्राने ‘तुमच्याकडे आम्हाला काफिर म्हणतात ना?’ असे विचारले की, चटकन उत्तर येते, ‘अरे, त्याचा अर्थ फक्त झाकणारा, शेतकरी. शिवी नाही ती.’ माझा आक्षेप या उत्तराला आहे. माहिती खरी आहे, उत्तर खोटे आहे.

त्यासाठी मराठीतलेच उदाहरण घेऊ. शेपूट तुटलेल्या बैलाला शेतकरी ‘लांडा’ म्हणतो. लांडा म्हणजे आखूड, तुटका. गोठ्यात या शब्दाला काही वावगे नाही. पण तोच शब्द सुंतेवरून मुसलमानाला चिकटवला की काय होते, हे माझ्यासारख्या कुणाही मराठी मुसलमानाला विचारा. शाळेच्या मैदानावर, एसटीच्या रांगेत, क्रिकेटच्या सामन्यानंतर तो कानावर आलेला असतो. तेव्हा कुणी शब्दकोश काढून ‘लांडा म्हणजे फक्त शेपूट तुटलेला, त्यात काय एवढे?’ असे समजावू लागला, तर आपण ऐकून घेऊ का? ‘यवन’ म्हणजे मुळात ग्रीक, म्हणून भाषणातला ‘यवन’ निरुपद्रवी मानू का? नाही मानणार. मग जो न्याय आपल्याला हवा, तोच ‘काफिर’ला लावावा लागेल. शब्दाचे मूळ कोशात असते. शिवी ऐकणाऱ्याच्या अनुभवात असते.

ग्रंथात एक, गल्लीत दुसरे

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. ‘हा कुरआनाचा शब्द आहे, तो कसा टाकायचा?’ टाका असे कुणी म्हणतच नाही. कुरआनात शब्द आहे आणि राहील. श्रद्धाशास्त्रातली ती संज्ञा आहे, तिचा अभ्यास व्हावा, वाद व्हावेत. प्रश्न आहे तो समोरच्या जिवंत माणसाला त्या नावाने पुकारण्याचा. ज्याने सत्य ओळखून, समजून-उमजून नाकारले तो काफिर, अशी व्याख्या अनेक आलिम करतात. कुणाच्या काळजात काय आहे हे अल्लाहशिवाय कुणाला कळते? जावेद अहमद गामिदींसारखे विद्वान म्हणूनच सांगतात की, कुणाला काफिर ठरवण्याचा अधिकार माणसाला नाही, आजच्या इतरधर्मीयांना फार तर गैरमुस्लिम म्हणावे.

इंडोनेशियातली नहदलतुल उलमा ही जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनांपैकी एक. २०१९ मध्ये तिच्या उलेमांनी ठरवले की, देशातल्या गैरमुस्लिमांना काफिर म्हणू नये, त्यांना ‘नागरिक’ म्हणावे. कारणही साधे दिले. या शब्दाने त्यांना दुखापत होते. त्यासाठी त्यांनी कुरआनातला एकही शब्द बदलला नाही.

आणि हा शब्द एकदा सैल सुटला की, तो फक्त परक्यांवर थांबत नाही. सर सय्यद अहमद खानांनी कॉलेज काढायचे ठरवले तर त्यांच्यावर कुफ्रचे फतवे निघाले. पाकिस्तानात १९५३ च्या अहमदियाविरोधी दंगलींची चौकशी झाली. आयोगाने उलेमांना ‘मुसलमान कोण?’ अशी व्याख्या विचारली. १९५४ च्या अहवालात न्यायमूर्तींनी नोंदवले की, कोणत्याही दोघांचे एकमत झाले नाही. एकाची व्याख्या धरली तर बाकीचे सारे काफिर ठरत होते. जो आपल्या भावाला काफिर म्हणतो, त्या दोघांपैकी एकावर तो शब्द उलटतो, अशा अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहे. इशारा पुरेसा स्पष्ट होता.

दुसऱ्या बाजूलाही एक सांगायचे आहे. ‘प्रत्येक मुसलमान तुम्हाला मनातून काफिर म्हणतो’ असा प्रचार रात्रंदिवस चालतो. मराठी मुसलमानांच्या घरात मी जे बोलणे ऐकत आलो, त्यात शेजारी हे पाटील असतात, कांबळे असतात, जोशीकाका असतात. काफिर हा शब्द घरात आला तर बहुतेक वेळा गझलेतून आला, तिथे तर प्रेयसीच काफिर असते. संत एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त तुर्क हिंदूला काफर म्हणतो, हिंदू त्याला विटाळ होईल म्हणून दूर लोटतो, खडाजंगी होते आणि शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात. चारशे वर्षांपूर्वी पैठणच्या एका संताला दोन्ही शिव्या शेजारी ठेवून पाहता आल्या. आज प्रत्येकाला फक्त समोरच्याच्याच तोंडातली शिवी ऐकू येते.

दक्षिण आफ्रिकेच्या दुकानांत आता ज्वारीचे पीठ ‘माबेले’ या नावाने मिळते. झुलू लोक या धान्याला पूर्वीपासून ‘अमाबेले’ म्हणत आले आहेत. म्हणजे या धान्याला नाव होतेच. ज्यांनी ते पेरले त्यांना कुणी ते विचारले नाही, एवढेच. विचारले असते, तर ज्वारीला शिवीचे नाव देण्याची गरज कुणालाच पडली नसती. जुम्म्याच्या तकरीरीत, यूट्यूबवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत शेजाऱ्यांबद्दल बोलताना आपण एवढे तरी करू शकतो. त्यांना त्यांच्या नावाने हाक मारावी. आणि तोच आग्रह, तितक्याच ठामपणे, आपल्यासाठीही धरावा.